वांगं कुठलं?

धुळ्याच्या बाजारात थंडीत भरताचं वांगं एकाच गावाहून येतं: जळगावजवळच्या आसोद्याहून. निदान विकणारा तसं सांगतो. जास्त खोदून विचारलं तर तेच वांगं बामणोदचं होतं. "देठ पाहा ना काकू," तो म्हणतो. मीही देठ निरखून पाहते, जणू त्यावर सातबारा चिकटवलाय.

२०१६ साली जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२१ मध्ये तांदलवाडीची २२ टन केळी त्या नावानिशी दुबईला गेली. पण रावेर ओलांडून बऱ्हाणपुरात शिरलं की तीच तापी, तशीच काळी माती आणि केळीचेच मळे; राज्य मात्र मध्य प्रदेश. हेच बऱ्हाणपूर एके काळी फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी होतं!

आमच्या सासूबाईंचं माहेर नवापूर. त्या जन्मल्या पश्चिम खानदेशात, सासरी आल्या धुळे जिल्ह्यातून, आणि १९९८ पासून माहेर नंदुरबार जिल्ह्यात. घर तसूभर हललं नाही. १९६० साली पश्चिम खानदेशातली काही गावं गुजरातेत गेली आणि नवापूर स्टेशनाच्या मधूनच सीमा आली. तिथल्या एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. "मी मधोमध बसते," सासूबाई म्हणतात, "दोघांनाही वाईट नको वाटायला."

म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात वाचलं, की युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने खरबूज आणि टोमॅटोवरच्या लेबलाचा निकाल दिलाय, तेव्हा मला हसूच आलं. मोरोक्कोच्या ताब्यातल्या पश्चिम सहारात पिकलेल्या मालावर 'मोरोक्को' लिहायचं नाही, 'पश्चिम सहारा'च लिहायचं, असं तेव्हा न्यायालयाने म्हटलं. २०१९ मध्ये याच न्यायालयाने सांगितलं होतं, की इस्रायलच्या ताब्यातल्या प्रदेशात, तिथल्या वसाहतीत माल तयार झाला असेल तर लेबलावर तसं स्पष्ट लिहा. घेणाऱ्याला ठरवू द्या.

पुढे वाचलं आणि हसू विरलं. त्या सहाराचे हजारो लोक १९७५ पासून अल्जीरियातल्या छावण्यांत राहतात. त्यांच्या मुलखातलं खरबूज युरोपच्या दुकानात पोचतं, ते स्वतः मुलखात पोचत नाहीत. मग खरबुजावर तरी मुलखाचं नाव हवंच ना! आम्ही बाकावर मधोमध बसून चेष्टा करू शकतो, कारण उठून दोन्हीकडे जाता येतं.

परवा वांगेवाल्याला पुन्हा विचारलं. गर्दी नव्हती. तो हळूच म्हणाला, "खरं सांगू काकू? आमच्याच मळ्यातलं आहे. पण आमच्या गावाचं नाव सांगितलं तर कोण घेईल?"

कळण्याच्या भाकरीशी भरीत झकास लागलं. भाऊ, पुढच्या वेळी तुझ्याच गावाचं नाव सांग. दोन रुपये जास्त घे, पण सांग.