टिपेकाका

तुमच्याही सोसायटीत ते असणारच. रविवारी सकाळी सहाला पार्किंगमधून गाडीचं दार चार वेळा धाडकन आपटल्याचा आवाज येतो. चोर नसतो, भांडणही नसतं. दाराच्या फटीत अडकलेलं पाणी झटकून बाहेर काढणं चाललेलं असतं. आरशांच्या मागेही ते असंच दडून बसतं आणि गाडी कोरडी झाली म्हणून माणसाने पाठ फिरवली की हळूच एक ओघळ सोडतं. त्या एका ओघळासाठी हा गृहस्थ प्लास्टिकच्या स्टुलावर अर्धा तास दबा धरून असतो.

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत त्यांचं खरं आडनाव आता फक्त पोस्टमनला ठाऊक आहे. बाकीच्यांना ते टिपेकाका. नामकरणाचा मान माझा. मी एकदा धुतलेली गाडी जुन्या पंच्याने पुसत होतो, तर मागून किंकाळी आली, "अरे अरे, पुसतोस काय? टिप!"

"तेच करतोय ना, काका."

"तू पुसतोयस. पुसणं वेगळं, टिपणं वेगळं."

मग प्रात्यक्षिक. टॉवेल टपावर बाळाच्या दुपट्यासारखा अंथरायचा, वरून तळवा दाबायचा, त्याला पाणी पिऊ द्यायचं आणि अलगद उचलायचा. घासायचं नाही. रंगावरचा पारदर्शक थर म्हणे जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, आपल्या डोक्यावरचा केससुद्धा त्याहून जाड. (हे सांगताना त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहून वाक्य आवरतं घेतलं.) फडक्यात वाळूचा एक कण राहिला की त्याचा पॉलिश पेपर झालाच. एवढ्यावर थांबतील तर ते टिपेकाका कसले! त्यांनी मोबाइलचा टॉर्च माझ्या बॉनेटवर धरला. प्रकाशाभोवती गोल गोल बारीक ओरखडे, थेट कोळ्याचं जाळं. सात वर्षं मी ती गाडी सुखाने चालवत होतो. त्या दिवसापासून ऊन पडलं की मला गाडी दिसत नाही, जाळं दिसतं.

त्यांचे शत्रू दोन. पहिला, एका बादलीत आणि एका फडक्यात बारा गाड्या उरकणारा पोरगा. कुणाच्या तरी चाकावर सुरू झालेलं ते फडकं कुणाच्या तरी टपावर संपतं. दुसरा, आमच्या बोअरचं पाणी. ते इतकं जड की गीझरच्या कॉइलवर पांढरे थर चढतात. गाडीवर थेंब वाळला की पाणी उडून जातं आणि क्षाराचा पांढरा डाग मागे राहतो. म्हणून ऊन बॉनेटवर यायच्या आत सगळं आटपायचं. शेवटचं पाणी घालताना पाइपचा फवारा काढून टाकायचा, म्हणजे पाणी थेंब न करता चादरीसारखं घरंगळत उतरतं आणि टिपायला कमी उरतं.

इथपर्यंत ठीक होतं. पण हे टिपणं पार्किंगमधून वर यायला लागलं. गणपतीच्या आरतीत कुणाच्या हातून तीर्थ सांडलं, की मंडपामागून आवाज, "पुसू नका, टिपा!" वार्षिक सभेत हिशेबाच्या वहीवर चहा सांडला, तेव्हा खजिनदारांचा पुढे गेलेला हात त्यांनी मनगटात धरला. सोसायटीतल्या एका लग्नात घामाघूम नवरदेवाला भर सप्तपदीत हाच सल्ला मिळाला, आणि तो त्याने पाळला, असं व्हिडिओत दिसतं.

टॉवेलांचं सोवळं तर विचारू नका. टॉवेल जमिनीला लागला की बाटला. तो आयुष्यभर चाकांच्या सेवेला. कडेची लेबलं जन्मतःच कापायची. सुती कपड्यांबरोबर धुवायचा नाही, नाहीतर धागे चिकटतात. आणि धुताना ते सुगंधी निळं पाणी एक थेंबही नको. मायक्रोफायबरच्या धाग्यांवर त्याचा लेप बसला की टॉवेल पाणी पीतच नाही, नुसतं फिरवत बसतो. काकू म्हणतात, "माझ्या पैठणीला ड्रायक्लीनिंग नाही, आणि ह्यांच्या फडक्यांना स्वतंत्र बादली."

मला त्यांचा राग यायचा. गाडी चालवली तर मळते, म्हणून त्यांची गाडी बहुतेक वेळ झाकलेलीच. भाजी आणायला स्वतः बसने जायचे. बसने!

गेल्या जुलैत रात्री अकराला आईला धाप लागली. बाहेर मुसळधार. माझ्या गाडीची बॅटरी बसलेली. कसं कळलं देव जाणे, टिपेकाका चावी घेऊन खाली उभे. त्याच संध्याकाळी टिपून कोरडी केलेली गाडी त्यांनी गेटबाहेरच्या चिखलात घातली. लिफ्टपासून गाडीपर्यंत आई भिजली, तर त्यांनी डिकीतून तो काढला: १२०० जीएसएमचा, नवा कोरा टॉवेल, ज्याच्याकडे मला नुसतं पाहायचीही परवानगी नव्हती.

"मावशी, केस पुसू नका. टिपा."

त्या धापेतही आई हसली. पहाटे चारपर्यंत ते हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी बसून होते. गाडीबद्दल चकार शब्द नाही.

चौथ्या दिवशी आई घरी आली आणि मी ऑफिसात असताना तिने तो टॉवेल स्वतः धुतला. उपकाराची परतफेड म्हणून निळं पाणी एकाला दोन झाकणं. इस्त्री केली, वर बेसनाचे लाडू ठेवले आणि परत द्यायला मला बरोबर घेतलं. काकांनी दार उघडलं. वास आधी पोचला होता. एक क्षण त्यांचा चेहरा पडला.

"बघा कसा मऊ झालाय," आई म्हणाली.

"छान झालाय हो, मावशी. दुकानातसुद्धा इतका मऊ नव्हता."

आता तो चाकांना जाणार, हे मी धरूनच चाललो होतो. परवा रविवारी मुद्दाम डोकावलो. चाकांना जुनंच फडकं होतं. तो टॉवेल मागच्या सीटवर, आई बसली होती त्या कोपऱ्यात, इस्त्रीची घडी न मोडता ठेवलेला. मी सहज हात घातला, तर मनगटावर चापट बसली.