ऊब, मागच्या दाराने

इंजिन मागे ठेवायचं, माणसं पुढे बसवायची आणि मागच्या धगीवर पुढच्यांचे पाय शेकायचे, असा बेत ज्या गाडीत आहे तिच्याविषयी मला पहिल्यापासून माया वाटते. फोक्सवागनची ती जुनी, गोल चेहऱ्याची बस. बेन पॉन नावाच्या डच गृहस्थाने १९४७ साली वहीच्या पानावर चाकं लावलेला एक डबा रेखाटला आणि हिचा वंश सुरू झाला. १९५६पासून ती हॅनोव्हरला तयार होऊ लागली. माझी लेक आणि जावई त्याच हॅनोव्हरला राहतात. सत्तरच्या दशकातली अशी एक म्हातारी, पोटात बिछाना आणि शेगडी घेऊन, त्यांच्या दारात उभी असते. माहेर सोडून ती फार लांब कधी गेलेलीच दिसत नाही.

या इंजिनात पाणी नाही, पंख्याचा वाराच त्याला गार ठेवतो. त्या वाऱ्यातला थोडा वाटा धुराच्या तापलेल्या नळ्यांभोवतीच्या पत्र्याच्या खोळीतून फिरवायचा आणि गाडीच्या पोटाखालून पुढे धाडायचा, एवढंच हीटरचं शास्त्र. गाडीची लांबी जेमतेम साडेचार मीटर, पण उबेला तेवढा प्रवासही झेपत नाही. प्रत्येक ढिल्या सांध्यापाशी ती थोडी थोडी सांडते. आजीने गावाहून कुणाच्या तरी हाती धाडलेला करंज्यांचा डबा आपल्यापर्यंत पोचताना जसा हलका झालेला असायचा, तशी ती पायांपर्यंत येते.

आमच्या जुन्या एसटीत हा प्रश्नच नव्हता. इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच, झाकणाखाली घरघरत असे. पौषातल्या रातराणीत त्या बॉनेटजवळची जागा मिळावी म्हणून माणसं कंडक्टरशी जुनी ओळख काढत. वैशाखात तीच जागा रिकामी दिसली, तरी उभं राहणं पत्करत.

लेकीच्या दारातल्या म्हातारीचा हीटर जावयाने दुरुस्तीला काढला, तेव्हा माझ्याकडे टॉर्च होता. जावयाला इतका वेळ उताणा पाहण्याचा योग सासऱ्याला सहसा येत नाही. गाडीखालून फक्त त्याचे बूट आणि आवाज बाहेर येत होते. ‘‘बाबा, उजेड जरा डावीकडे घ्या.’’ मी घेई. ‘‘तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडे.’’ गंजलेले नट हलेनात, तेव्हा त्याने गॅसची ज्योत लावून ते तापवले. ऊब मिळावी म्हणून आधी गाडीलाच ऊब द्यायची, हा व्यवहार मला फार आवडला. तरीही एक नट अडून बसला. त्याच्यावर हातोडा घालायचा तर रविवार उजाडलेला, आणि जर्मनीत रविवारी ठोकाठोक करून शेजाऱ्यांची शांतता मोडायची नसते. नटाला आयती सुट्टी मिळाली. जावई तेल सोडून हात धुवायला गेला.

खोळीच्या आतली धुराची नळी मात्र त्याने कसून तपासली, तिथे थट्टा चालत नाही. तिला भोक पडलं तर उबेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येतो, आणि त्याला ना रंग ना वास. नळी धड होती. तरी त्याने बिछान्याशेजारी धोक्याची घंटा बसवली आणि लेकीला ती वाजवून दाखवली. तिच्याशी बोलताना त्याचा आवाज एवढा हळू झाला, की मी उगाच पाने आवरत बसलो.

नव्या नळ्या चढल्या, झडपांच्या तारा बदलल्या, आम्ही फेरी मारायला निघालो. काचेवरचं धुकं खालच्या कडेने खरोखर विरू लागलं. इतक्यात सिग्नल लागला. इंजिन मंदावलं, पंखा मंदावला, ऊबही थांबली. जास्त जोर, जास्त ऊब, असा या गाडीचा हिशोब. चढावर ती माया करते, उतारावर विसरते. आणि हॅनोव्हर तर आमच्या सोलापूरसारखं सपाट.

‘‘पाय अजून गारच आहेत,’’ लेक म्हणाली.

‘‘डाइस्टरच्या टेकड्या फार लांब नाहीत,’’ जावई म्हणाला आणि पाय शेकायला म्हणून गाडी गावाबाहेर वळवली. परतताना उतार लागेल, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी मफलर सोडला नाही.