'अत्यंत तात्काळ' यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. 'अत्यंत तात्काळ' साहेब,
मुक्काम तालुक्याचा व्हॉट्सॲप ग्रुप

विषय : आपल्या आगमनामुळे तिसरीची वजाबाकी अर्धवट राहिल्याबाबत.

महोदय,

सा. न. वि. वि. आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. दुसरे गुरुजी बीएलओ म्हणून मतदार यादी घेऊन वाडीवर गेलेत, सबब चारही वर्ग माझ्या पदरात. काल फळ्यावर 52 मधून 27 वजा करत होतो. दोनातून सात जाईनात, म्हणून पाचावर काट मारून वर चार लिहिले, आणि तेवढ्यात आपण अवतरलात : 'माहिती दुपारी दोनपर्यंत भरावी. निरंक असल्यास निरंक कळवावे.' तेव्हा दीड वाजला होता. रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. उसना दशक तसाच टांगता ठेवून धावलो.

आपण मागितलेली माहिती यूडायस पोर्टलवर आहे, सरल पोर्टलवर आहे, जूनमध्ये कागदावर आणि जुलैत एक्सेलमध्येही दिली आहे. हरकत नाही, देवालाही आपण रोज तेच फूल वाहतो. पोषण आहाराच्या ॲपवर किती मुलं जेवली हे रोज कळवतो. त्यातल्या किती जणांना वाचता येतं, हे ॲप विचारत नाही. वटाण्याचा हिशेब मात्र चोख लागतो.

शिक्षण हक्क कायदा, 2009, कलम 27 : दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शैक्षणिकेतर काम देऊ नये. आपण जनगणना नव्हे, निवडणूकही नव्हे. केंद्रातल्या सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून आम्ही आपल्याला आपत्तीत बसवलं आहे. म्हणजे आपण कायदेशीर ठरलात. अभिनंदन!

कोठारी आयोगाने 1966 साली सांगितलं, राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के शिक्षणावर खर्च करा. 2020 च्या धोरणातही तेच 6 टक्के, नव्या कागदावर. एवढ्या वर्षांत त्या फाइलीवर आपली सही कशी झाली नाही, साहेब? आमच्या शौचालयाच्या जिओ-टॅग फोटोसाठी तर दोन स्मरणपत्रं आली. (शौचालयाला पाणी नाही. त्यासाठी रकाना नव्हता.)

एकच विनंती. उद्या अकरा ते बारा कृपया येऊ नये. प्रत्यक्ष अध्यापन चालू असल्याचा फोटो वर पाठवायचा आहे. मुलांना पुस्तकं उघडून बसवायचं, मी हातात खडू धरून हसायचं, आणि चौथीतला उंच मुलगा मोबाइल धरणार. तो फोटोही अत्यंत तात्काळच आहे.

आपला आज्ञाधारक,
उपशिक्षक तथा प्रभारी मुख्याध्यापक तथा डेटा एंट्री ऑपरेटर