वाढत्या अंगाची पेटी

आमच्या अण्णांनी आयुष्यात कुठलीही वस्तू मापाची घेतली नाही. धाकट्याच्या मुंजीत शिवलेला कोट त्याला लग्नात बरोब्बर बसला, हे ते अजूनही आल्यागेल्याला सांगतात. मधली पंधरा वर्षं तो कोट डांबराच्या गोळ्यांत पडून होता, एवढं मात्र गाळतात. घरात माणसं दोन आणि कुकर साडेसात लिटरचा. चपलेत टाचेमागे दोन बोटं जागा. असा एखादा अण्णा कुठल्याही गोतावळ्यात निघतोच, दुकानदाराने "साहेब, माप काय?" म्हटलं, की तो सवयीने म्हणतो, "जरा वाढत्या अंगाचंच दाखवा."

निवृत्तीनंतर अण्णांना मधमाश्यांनी पछाडलं. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, ते वाचून अण्णा तिकडे जाऊन आले आणि येताना एका मधपाळाकडून सातेरीची वसाहत घेऊन आले. सातेरी म्हणजे आपल्या झाडांच्या ढोलीत, वारुळात राहणारी देशी माशी. तिची पेटी आटोपशीर असते. अण्णांचं तोंड उतरलं.

"एवढीशी? उद्या संसार वाढला म्हणजे?"

आठवड्यात त्यांनी इटालियन माशीसाठी असते ती दहा चौकटींची लँगस्ट्रॉथ पेटी मागवली. माश्यांना ये-जा करायला साधारण 3/8 इंच वाट सोडली, की त्या ती पोळ्याने भरत नाहीत, हे लँगस्ट्रॉथसाहेबांनी 1851मध्ये हेरलं आणि त्या फटीवर सगळी पेटी बेतली. अण्णांच्या मते, साहेब जरा कंजूषच.

स्थलांतराला मधपाळ मामा आले. अण्णांनी माझ्यासाठीही जाळीचा अंगरखा आणला होता, बाह्या गुडघ्यापर्यंत. त्यातली एक बाही एका माशीला अगदी मापाची वाटली. मी अंगणात नाचत असताना अण्णांनी सातेरीची चौकट उचलून नव्या पेटीत ठेवली आणि ती धुपकन तळाला गेली. सातेरीच्या चौकटीची वरची पट्टी साधारण फूटभराची आणि पेटीची खाच दीड फुटावर!

"अण्णा, माशीला शाळेत घालायचंय काय?" मामा म्हणाले.

मग त्यांनी पोळी अलगद कापली, पिल्लं असलेले तुकडे वरची बाजू वर ठेवून मोठ्या चौकटींत बसवले आणि केळीच्या सोपटाने बांधले. माश्या पोळं मेणाने चिकटवतात आणि सोपट कुरतडून बाहेर टाकतात, म्हणाले. राणी आत गेली. दारात कामकरी माश्या शेपट्या वर करून पंख मारू लागल्या. त्या वासावर बाकीचा लवाजमा अंधार पडेस्तोवर मागोमाग आत शिरला. अण्णा हात जोडून उभे. गृहप्रवेशच तो!

चार दिवसांनी झाकण काढलं, तर सगळं कुटुंब एका कोपऱ्यात दाटीने बसलेलं, बाकीची पेटी ओसाड. मामांना पुन्हा बोलावलं. पिल्लांना 34-35 अंशांची ऊब लागते, ती एवढ्या दालनात कोण धरणार? पहारा नसलेल्या पोळ्यात मेणकीडा शिरतो. आणि सातेरी मानी. नाही पटलं, तर एका सकाळी घर सोडून जाते.

"जागा जास्त म्हणून कोणी घर सोडतं?" अण्णा खरोखरच दुखावले होते.

मामांनी उत्तर दिलं नाही. पाचव्या चौकटीला लागून एक फळी उभी केली, उरलेल्या चौकटी काढल्या आणि साखरपाण्याची वाटी आत ठेवली. "पोळी भरली, की फळी एकेक चौकट सरकवायची."

अण्णा फळीकडे बघत राहिले. हळूहळू चेहरा उजळला. "म्हणजे दुमड घातलीत! वाढल्या, की उसवायची."

"साठी उलटली," काकू ओट्यावरून म्हणाल्या, "ह्यांच्या सगळ्या पँटींच्या दुमडी अजून तशाच आहेत."

अण्णांचं लक्ष नव्हतं. ते पेटीवाल्याला फोन लावत होते. "हो, तीच. बरी आहे. त्याहून मोठी येते का हो?"