पिल्लू टाकलेलं नसतं, आप्पा!

हेलसिंकी, फिनलंड

ती. आप्पा आणि सौ. काकू यांना शिरसाष्टांग नमस्कार. दौंडच्या मावशीला वेगळा नमस्कार. एकत्र नमस्कारात आपल्या वाट्याला कमी येतं, अशी तिची जुनी तक्रार आहे.

पत्रास कारण की, उसाच्या बांधावरून उचलून खोक्यात ठेवलेल्या मांजराच्या पिल्लावरून घरच्या ग्रुपचे शिरूर आणि दौंड असे दोन तट पडले आहेत. शिरूरचं म्हणणं, पिल्लू आईनं टाकलंय, ते आपण वाढवू. दौंडचं म्हणणं, वाढवायचंच तर इकडे पाठवा, शिरूरकरांना चहात घालण्यापलीकडे दुधाचा उपयोग ठाऊक नाही. पिल्लू पोरकं आहे, यावर मात्र दोघांचं एकमत. आपल्या घराण्यात एकमत इतकं दुर्मिळ की झालेलं मोडू नये. पण आम्हा हेलसिंकीकरांचा आक्षेप नेमका तिथेच आहे. डोळे जेमतेम उघडलेलं पिल्लू एकटं दिसलं, तरी बहुतेक वेळा ते आईपासून तुटलेलं नसतं. आपण उचलतो तेव्हा तुटतं. म्हणून एवढ्या लहान पिल्लाची पहिली सेवा म्हणजे त्याला आईच्या हवाली करणं. टोपली, बाटली आणि बारशाची तयारी हे सगळं त्यानंतर. ग्रुपवर चार ओळींहून मोठा मजकूर टाकला की त्याखाली कुणीतरी ‘शुभ सकाळ’चं फूल चिकटवतं, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

पुरावा दूर शोधायला नको. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतं. आकडा सातच का, यावर वाद घालू नका. मुद्दा फिरवण्याचा आहे. पिल्लं तीन-चार आणि आईला तोंड एकच. मानेची कातडी दातांत धरून ती एकेका पिल्लाला नेते, तेव्हा पिल्लू हातपाय पोटाशी घेऊन मुकाट लोंबतं. आपल्या वेदान्त्यांनी यावरून मार्जारकिशोरन्याय काढला: भक्तानं काही करायचं नाही, देवानं उचलून न्यायचं. आता मागच्या पिल्लाची पाळी यायच्या आतच आपण बांधावर पोचलो, तर आपल्याला काय दिसणार? एकटं पिल्लू. शिवाय बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणून द्यायला मांजरांत कुणी नसतं. तिला स्वतःच उंदीर मारायला जावं लागतं आणि उंदीर काही वेळ ठरवून येत नाही. त्यामुळे आई दोन-चार तास दिसली नाही म्हणजे ती पळून गेली, असं होत नाही. माणसं जवळ घोटाळत असली तर ती परत आलेली असूनही पुढे येत नाही. आपण पिल्लाभोवती कोंडाळं करून ‘आई कशी येत नाही’ म्हणून हळहळतो, आणि ती बाभळीमागून आपण कधी जातोय याची वाट पाहत असते.

यावर आप्पांचा पहिला आक्षेप ठरलेला: माणसाचा हात लागला की आई पिल्लाला जवळ करत नाही. हा समज गावोगाव पक्का आहे आणि तो खोटा पाडणारा सर्वांत मोठा पुरावा शिरूर तालुक्याच्याच उसात आहे. घोड, कुकडी आणि भीमेचं पाणी कालव्यांनी आणि उपशांनी माळापर्यंत पोचलं, ऊस आला आणि उसात बिबट्या आला. आडसाली ऊस शेतात सोळा-अठरा महिने उभा असतो. बिबट्याचं पिल्लूही आईजवळ साधारण दीड ते दोन वर्षं राहतं. दोघांचे हंगाम असे जुळल्यावर मादी उसात व्यायली तर नवल नाही. मग तोड सुरू होते, कोयते सरीत शिरतात आणि पाचटात दोन-तीन पिल्लं सापडतात. अशा वेळी जुन्नर वनविभागाचे कर्मचारी आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले ‘वाइल्डलाइफ एसओएस’चे डॉक्टर पिल्लांना हातांत घेऊन तपासतात आणि संध्याकाळी, सापडली त्याच जागी, प्लॅस्टिकच्या कॅरेटमध्ये ठेवतात. हो, टोमॅटोचं असतं तसलंच कॅरेट. आजूबाजूला कॅमेरे लावून माणसं लांब जातात. अंधार पडल्यावर मादी येते, हुंगते, पंजानं कॅरेट आडवं करते आणि एकेक पिल्लू उचलून नेते. एका रात्रीत नाही आली तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात. हे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात वर्षानुवर्षं चालू आहे. ज्या पिल्लांना वनरक्षकांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचे हात लागले, ती बिबट्याची मादी नेते. मग काकूंच्या हाताचा वास लागला म्हणून घरची मांजर कशाला सोवळं पाळेल?

याच उसात आणखी एक गंमत होते. ‘बिबट्याचं पिल्लू, बिबट्याचं पिल्लू’ म्हणून अख्खी वस्ती गोळा होते आणि वनखात्याचा माणूस पाहतो तर ती वाघाटीची पिल्लं निघतात. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून ती कुठे आढळत नाही. पूर्ण वाढलेली वाघाटी जेमतेम दीड किलोची, म्हणजे आपला घरचा बोका तिच्या दुपटीहून भारी. बिचारी उसातले उंदीर खाऊन शेतकऱ्याचं भलंच करते. पण अंगावर ठिपके असल्यामुळे तिच्या पिल्लांना बिबट्याचा मान मिळतो आणि मानापोटी फोटोसाठी हाताळणीही सोसावी लागते. त्यांच्याही बाबतीत वनखातं तेच करतं: त्याच जागी ठेवा, लांब व्हा, आई येईल.

आता दुसरा आक्षेप, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन आठवड्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन लहान मुलं होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला आणि शेवटी बिबट्याला गोळी घालावी लागली. ज्याला रात्री मोटार चालू करायला शेतात जावं लागतं, तो विचारणारच: ही पिल्लं आईला परत देऊन आम्ही उद्याचा बिबट्या का वाढवायचा? प्रश्न रास्त आहे आणि परदेशातल्या उबदार घरात बसून त्याला भूतदयेचं उत्तर देणं बरं दिसणार नाही. म्हणून हिशेबाचं उत्तर देतो. पिल्लं नेली तरी आई तिथेच उरते, आणि पिल्लं शोधत वस्तीभोवती फिरणारी मादी त्या रात्री सर्वांत धोक्याची. शिवाय माणसाच्या हातावर वाढलेला बिबट्या पुढे रानात सोडता येत नाही. त्याला जन्मभर पिंजरा आणि सरकारी मटण द्यावं लागतं. बिबटे उचलून दुसरीकडे सोडण्याचा प्रयोगही जुन्नरनं या शतकाच्या सुरुवातीला केला आहे. सोडणं वाढलं तसे हल्लेही वाढले, असं विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं आहे. माणसावर हल्ला करणाऱ्या बिबट्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण तो प्रश्न मोठ्या बिबट्याचा आहे. पाचटातलं पिल्लू पळवून तो सुटत नाही, चिघळतो.

घरच्या मांजराकडे वळू. इथे मावशीचा आक्षेप येतो: लहानपणीच आणलं तर माणसाळतं, मोठं झाल्यावर अंगाला हात लावू देत नाही. यात अर्धं खरं आहे. पिल्लाचं माणसांशी जमण्याचं वय साधारण दोन ते सात आठवड्यांचं असतं. तेव्हा त्याला माणसाचा हात, आवाज, वास यांची सवय व्हायला हवीच. पण त्यासाठी आईपासून तोडावं लागत नाही. आईसकट पडवीत राहू द्या, लळा आपोआप लागतो. चावायचं किती आणि नखं काढायची कधी, हे मात्र आई आणि भावंडंच शिकवतात. आमच्या इथल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी साडेपाच हजारांहून अधिक मांजरांची माहिती मालकांकडून गोळा करून २०१७ साली निष्कर्ष मांडला: आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा अधिक आढळतो, आणि चौदा आठवड्यांनंतर वेगळ्या केलेल्या मांजरांत वागण्याच्या तक्रारी कमी. मावशी म्हणेल, ती फिनलंडची जातिवंत मांजरं, आपलं गावठी. कबूल. अशा पाहणीतून कारण आणि परिणाम पक्के सिद्ध होत नाहीत, हेही कबूल. तरी आईजवळ राहिल्यानं मांजर बिघडलं असा पुरावा कुणाकडेच नाही, आणि आठ आठवडे थांबायला खर्च शून्य.

इतकं करूनही कधी कधी आई खरोखरच येत नाही. गाडीखाली गेलेली असते किंवा कुणी पिल्लांनाच पोत्यात घालून बाजारतळावर सोडलेलं असतं. मग मावशीच्या दुधाला वाव आहे का? नाही. डेअरीवर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ लागलं की गाईच्या दुधाला दर मिळतो. मांजराच्या पिल्लानं डेअरी काढली तर तेच दूध नापास होऊन परत येईल. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीच्या घरात असतात. गाईच्या दुधानं पिल्लाला जुलाब लागतात, आणि शे-दोनशे ग्रॅमच्या जिवाला तेवढे पुरतात. म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना विचारून मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर आणा. आधी ऊब, मग दूध: पहिले तीन-चार आठवडे त्याला अंगाची ऊब स्वतः धरता येत नाही, आणि गार पडलेल्या पोटात दूध पचत नाही. गरम पाण्याची बाटली आप्पांच्या जुन्या धोतरात गुंडाळून खोक्याच्या एका कडेला ठेवा, म्हणजे चटका बसला तर त्याला सरकता येईल. पाजताना पालथं धरा. तान्ह्या बाळासारखं उताणं घेतलं की दूध फुप्फुसात जातं. दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं शेपटीखाली हलकेच पुसायचं, कारण साधारण तीन आठवड्यांपर्यंत आईनं चाटल्याशिवाय त्याला शी-शू होत नाही. रात्री अडीचला हे कोण करणार, यावर ग्रुपवर मतदान घ्या. पिल्लू आईकडे पोचवण्याचा ठराव दोन्ही तटांकडून टाळ्यांच्या गजरात मंजूर होईल.

तेव्हा आमचा निवाडा असा. पिल्लू स्वच्छ, पोट टम्म आणि शांत झोपलेलं असेल तर लांब व्हा. शंका असेल तर भोवती ज्वारीच्या पिठाचं रिंगण घाला. काही तासांनी पीठ विस्कटलेलं दिसलं तर आई येऊन गेली समजा. अंगाला गार, मुंग्या लागलेलं, सतत ओरडणारं असेल तरच उचला आणि थेट डॉक्टरांकडे न्या. अंगावर ठिपके असतील तर हात लावू नका, फोटोसाठी तर नाहीच. तोड तिथली थांबवा आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. बिबट्या आणि वाघाटी दोघांनाही वन्यजीव कायद्याचं पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे, पिल्लू घरात ठेवणं हा गुन्हा आहे. आणि घरच्या मांजरीची पिल्लं सुटी झाली की तिचं ऑपरेशन करून घ्या. दिवस जातात दोन महिन्यांचे आणि पिल्लं अंगावर असतानाही ती पुन्हा गाभण राहते. ते राहून गेलं तर दिवाळीपर्यंत ग्रुपचे आणखी तट पडतील, आणि नीरा-लोणंदची मंडळी अजून वादात उतरलेली नाहीत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला पुतण्या
आणि समस्त हेलसिंकीकर

ता. क. पिल्लू अजून खोक्यात असेल तर हे पत्र पुन्हा वाचत बसू नका. संध्याकाळ व्हायच्या आत बांधावर ठेवून या.