गाडी कोंडवाड्यात, हप्ता बँकेत

महापालिकेचं गरिबाकडे लक्ष नाही, असं म्हणणाऱ्याच्या तोंडात किडे पडोत! एका टेबलावरून ती पथविक्रेत्याला स्वनिधी कर्जाचं शिफारसपत्र देते आणि दुसऱ्या टेबलावरून त्याची लोटगाडी उचलायला गजराज नावाचं अतिक्रमण हटवायचं यंत्र धाडते. सख्ख्या मायनं तरी इतकं लक्ष ठेवलं असतं का?

२०२० साली ही स्वनिधी योजना आली. पहिलं कर्ज तेव्हा १० हजारांचं होतं. त्यात एका भाजीवाल्या मावशीनं गाडीला नवी चाकं बसवली, काटा घेतला, दोन कॅरेट टमाटे भरले. मग महापालिकेचं अतिक्रमण पथक आलं.

"सायब, तुमच्याच चिठ्ठीवर कर्ज घेतलं ना जी!"

"मावशी, चिठ्ठीचा टेबल वेगळा."

गाडी कोंडवाड्यात गेली. हप्ता मात्र बँकेत वेळेवरच गेला पाहिजे, नाहीतर पुढचं कर्ज नाही.

यावर २०१४चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे म्हणे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला हटवू नये, हटवायचं तर ३० दिवसांची नोटीस द्यावी, जप्त मालाची यादी हातात ठेवावी आणि नाशवंत माल मागेल त्याच दिवशी परत करावा. पण अकोल्यात मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर टमाटा कलमं वाचत बसत नाही. ट्रकातच त्याची चटणी होते.

त्याच कायद्यात विक्रेता समितीही आहे. तिच्यात ४० टक्के जागा निवडून आलेल्या विक्रेत्यांच्या. म्हणजे कुणाला हटवायचं, हे हटणाऱ्यालाच विचारायचं! अशानं अमरावतीचा राजकमल चौक किंवा अकोल्याचा गांधी रोड मोकळा व्हायचा कधी? आणि मोकळा झाला नाही, तर चारचाक्या लावायच्या कुठं? त्याही कर्जावरच्याच, पण त्यांना कुणी गजराज दाखवत नाही.

राहिला प्रश्न आकड्यांचा. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्या, असं कायदा सांगतो. २०११च्या जनगणनेत अमरावती साडेसहा लाखांच्या घरात होती. म्हणजे सोळा हजार माणसांना जागा! एवढी जागा आणायची कुठून?

उपाय सोपा आहे. आधी गजराज फिरवा, मग सर्वेक्षण करा. रस्त्यावर सापडतील तेवढेच मोजा. अडीच टक्के तर सोडाच, अडीच माणसंही भरणार नाहीत, आणि कायद्याचं तंतोतंत पालन झाल्याचा अहवाल मंत्रालयात वेळेवर पोचेल.