कॅबिनेटबरोबर आलेला

कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलं की आधी कितीतरी दिवस नुसती चर्चा रंगते. व्हिडिओ पाहिले जातात, पंखे दोन असावेत की तीन यावर खल होतो, दिव्यांचा रंगही ठरतो. एसएमपीएसचं नाव मात्र कोणी काढत नाही. तो कॅबिनेटबरोबर आलेला असतो, आणि बहुधा फुकट. निदान दुकानदार तरी तसं म्हणाला होता. 230 व्होल्टच्या एसी विजेचे 12, 5 आणि 3.3 व्होल्टचे डीसी वाटे घालत तो बिचारा कोपऱ्यात घरघरत असतो. हौसेच्या खर्चात त्याला जागा नाही. हौस काचेतून दिसायला हवी, आणि हल्लीच्या कॅबिनेटांत हा पत्र्याचा डबा मुद्दाम झाकण घालून लपवतात.

माझ्या भाच्याने आरटीएक्स 4060 निवडलं. ताईने कार्डाचे पैसे काहीशा नाखुशीने का होईना, मंजूर केले. मग मी एसएमपीएसचा विषय काढला आणि दोघांच्या नजरेतून एकदमच उतरलो.

भाच्याचा हिशेब तयार होता. कार्ड 115 वॅटचं. प्रोसेसर अगदी जिवावर उदार होऊन पळाला तरी साधारण तेवढाच. मदरबोर्ड, डिस्क, पंखे धरून सगळं तीनशेच्या आत. घरच्या डब्यावर 450 छापलेलं, आणि कार्डवाली एनव्हिडिया म्हणते 550 चा घ्या. "मामा, ही या लोकांची मिलीभगत आहे."

शंका घ्यायचं वयच आहे त्याचं. पण एनव्हिडिया एसएमपीएस विकत नाही. गिऱ्हाइकाच्या टेबलाखाली कसला डबा पडलाय हे तिला कळायला मार्ग नाही, म्हणून ती वाईटातला वाईट डबा गृहीत धरून आकडा सांगते. यात मला तरी लबाडीपेक्षा मनुष्यस्वभावाचा अभ्यास जास्त दिसतो.

मी त्याला डब्याच्या कुशीवरचं लेबल वाचायला लावलं. पुढे छापलेले 450 हे सगळे वाटे एकत्र करून सांगितलेले. कार्ड आणि प्रोसेसर जगतात 12 व्होल्टवर, आणि त्या रकान्यात होते 18 अँपिअर. गुणाकार केला की 216 वॅट. उरलेली श्रीमंती 5 आणि 3.3 व्होल्टमध्ये अडकलेली. पेंटियम 4 च्या आधी प्रोसेसरची भूक त्या वाट्यांवर भागायची. 2000 साली इंटेलने 12 व्होल्टचा वेगळा चौकोनी कनेक्टर आणला आणि हळूहळू सगळा भार तिकडे सरकला. काही डब्यांना ही बातमी अजून पोचलेली नाही.

शिवाय कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर त्या डब्याला नव्हतीच. यावर लॅमिंग्टन रोडवर एक तोडगा मिळतो: जुन्या मोलेक्स वायरीला जोडायचा कन्व्हर्टर. "लावा बिनधास्त, चालतं," असं दुकानदार म्हणतो. चालतंही. आठ पिनांच्या वाटेने 150 वॅटपर्यंत न्यायची मुभा असते आणि स्लॉटमधून 75 मिळतात, तेव्हा कागदावर सगळं ठीक. पण ज्या डब्याने ती वायर मुळात दिलीच नाही, त्याच्या गप्प बसण्याला काही अर्थ असावा, असं मला उगाच वाटतं.

सरासरी वॅटांवर विसंबूनही भागत नाही. 2020 साली 350 वॅटचं आरटीएक्स 3090 आलं, तेव्हा चांगले दणकट एसएमपीएससुद्धा ऐन खेळात मान टाकायचे. कार्ड क्षणभर, डोळ्याची पापणी लवण्याच्याही कितीतरी आत, छापील आकड्याच्या पलीकडे झेप घ्यायचं, आणि एसएमपीएसला वाटायचं शॉर्टसर्किट झालं. 2022 च्या एटीएक्स 3.0 या एसएमपीएसच्या मानकात मग नियमच आला की 100 मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसता आला पाहिजे. त्याच वर्षी 450 वॅटच्या 4090 चे नवे कनेक्टर वितळल्याचे फोटो फिरले. सहा बारीक पिनांतून साडेसदतीस अँपिअर जायचे, म्हणजे पिनेला सहाच्या वर. कंपनीने चौकशी करून सांगितलं की लोकांनी कनेक्टर पुरता आत दाबलाच नव्हता. पुढे कनेक्टर सुधारला गेला, म्हणजे लोकांना सुधारण्यापेक्षा ते सोपं निघालं.

म्हणून मी 650 चा सुचवला. ताईचा प्रश्न वेगळाच होता. "साडेसहाशे वॅट? म्हणजे इस्त्री दिवसभर चालू ठेवल्यासारखंच की!" तिला समजावलं, हा आकडा खाण्याचा नाही, झेपण्याचा आहे, कॉम्प्युटर मागेल तेवढीच वीज जाते, वर थोडी उष्णतेत वाया. तेवढ्यात भाचा म्हणाला, मग गोल्डच घेऊ. सोन्याचं नाव निघाल्यावर ताईचा विरोध जरा नरमला. पण 80 प्लसची ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड ही बिरुदं फक्त किती वीज कामी लागते एवढंच सांगतात. अर्ध्या भारावर ब्राँझला 85 टक्के, गोल्डला 90. आणि ही मूळ परीक्षा अमेरिकेच्या 115 व्होल्टवरची. तीनशे वॅटच्या भारावर रोज चार तास खेळलं, तरी महिन्याकाठी फरक अडीच युनिटांच्या आतबाहेर. व्होल्टेज किती स्थिर राहतं, गडबड झाली तर डबा स्वतः मरतो की कार्डाला घेऊन मरतो, याबद्दल सोनं मौन पाळतं. त्यापेक्षा मी वॉरंटीची वर्षं बघतो. पाच-सात वर्षं जबाबदारी घ्यायची तर कंपनीला आत काहीतरी बरं घालावंच लागतं.

शेवटी 650 वॅटचा ब्राँझ आला. जुन्या यूपीएसवर 600 व्हीए लिहिलेलं, म्हणजे खरे 360 वॅटच; खेळ रंगात असताना लाइट गेली की तो आता किंचाळतो, पण सेव्ह करण्यापुरता तग धरतो. यूपीएसचा विषय मी ताईसमोर अजून काढलेला नाही.

भाचा खूश आहे. परवा त्याने नवा हिशेब मांडला: एवढा मोठा एसएमपीएस घेऊन जेमतेम निम्माच वापरायचा, हे आईच्या पैशांची नासाडी करणं नाही का? आरटीएक्स 5070 ला कंपनी 650 चाच मागते, आणि तो तर आपल्याकडे आहेच.